सिस्टरांचं मशीन आणि तेवीस शेंदरी दगड

जुनं मशीन बघायला गेलात तर आधी किंमत विचारू नका, आधी सायलेन्सरला हात लावा. गरम लागला तर मालकानं तुम्ही यायच्या आधीच ते चालू करून ठेवलं होतं. म्हणजे थंड असताना ते चालू होत नाही. म्हणजे तुम्ही चहा पिऊन घरी जावं. हात थोडा भाजेल, पण मशीन घेऊन भाजतं त्यापेक्षा कमीच.

एवढ्या शहाणपणावर मी अठ्ठावीस वर्षं धंदा केला. निमगाव सावाच्या रस्त्याला माझं पत्र्याचं शेड होतं. शहरातल्या बंगल्यांची आणि सोसायट्यांची गवत कापायची पेट्रोलची मशीनं जुनी झाली की मी ती उचलून आणायचो, खोलायचो, जोडायचो आणि जुन्नर-आंबेगावात विकायचो. सुरुवातीला लोक हसायचे. "मिस्त्री, गवताला मशीन? आन् विळ्याचं काय लोणचं घालायचं?" पुढं गवत कापायला माणूस मिळेना, तेव्हा तेच लोक शेडसमोर गाडी लावून उभे राहू लागले.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरायचा नाही. येडगावच्या एका पाहुण्यांनी पेट्रोलच्या मशीनमध्ये डिझेल ओतलं. का, तर "ट्रॅक्टरला चालतंय, मग ह्याला काय धाड भरली?" आंबेगावच्या एका काकांनी पोळ्याच्या दिवशी मशीन कालव्यात नेऊन बैलाबरोबर धुतलं, पाठीवरून हात फिरवून. एकानं तर गवत कापायला मशीन घेतलंच नव्हतं. बिबट्या आवाजाला भितो म्हणून तो रोज दिवेलागणीला अंगणात तासभर ते नुसतं चालू ठेवायचा. बिबट्या आला नाही हे खरं, पण बायको माहेरी गेली.

तरीही एक गोष्ट मी छाती पुढं काढून सांगू शकतो. मी दिलेलं मशीन कधी परत आलं नाही. दुरुस्तीला आलं, परत म्हणून नाही. हा माझा विक्रम मोडायची वेळ एकदाच आली, आणि त्यात मशीनचा काही दोष नव्हता. दोष माझा होता. एका डब्याचा होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेड बंद करायच्या बेतात होतो. भाद्रपद संपत आला होता. एक बाई आल्या. पांढरी साडी, मनगटावर मोठं घड्याळ, चाल अशी की मी आपोआप उभा राहिलो. मढच्या सुमनताई. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेल्या, त्यामुळं सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांनी शेडमधल्या मशीनांच्या रांगेवरून नजर फिरवली, वॉर्डात राऊंड घ्यावा तशी.

"ह्यांतलं कुणाला आधीचा काही आजार?"

मी म्हटलं, "सिस्टर, जमीन कशी आहे ते आधी सांगा."

जमीन दगडांची होती. मढला, माळशेजच्या वाटेकडं, दोन एकर माळ. काळे दगड, मधूनमधून मुरूम, आणि पावसात छातीएवढं गवत. वडिलांच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हा भावानं, म्हणजे नामदेवरावांनी, सिस्टरांच्या नावावर हा तुकडा लागू दिला, कारण तिथं दगडांशिवाय काही उगवत नव्हतं. सिस्टरांनी निवृत्त झाल्यावर ठरवलं की तिथं तंबू लावायचे. शहरातली माणसं डोंगर बघायला येतात, त्यांना भाकरी आणि पिठलं घालायचं. हे ऐकल्यावर नामदेवरावांना एकदम त्या दगडांची माया आली. ते म्हणाले, हक्कसोड करून दे.

हक्कसोड म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला हक्क भावासाठी सोडला, असं बहिणीनं लिहून द्यायचं. आमच्याकडं बहिणी सही देतात, भाऊ साडी देतात, आणि माहेर चालू राहतं. सिस्टर नाही म्हणाल्या. भावकी जमली. शेवटी नामदेवरावांनीच पैज घातली, ती सिस्टरांनी मला त्यांच्याच आवाजात करून दाखवली: "दसऱ्यापोतर तिथं पैसं दिऊन एक जरी माणूस मुक्कामाला राह्यलं, तर मी पुन्यांदा नाव काढनार न्हाय. न्हाय आलं, तर गुमान सही करायची."

पुण्याचे बारा जण दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी यायचे ठरले होते. पण छातीएवढ्या गवतात तंबू लावायला कोण धजणार? सापाच्या नावानंच निम्मे परत जातील. म्हणून मशीन.

मला इथं एक कबुली द्यायची आहे. माझ्या बहिणीनं सही केली तेव्हा मीही साडी दिली होती. चांगली दिली होती. दुकानदाराला भारीतली दाखव म्हणून सांगितलं होतं. सिस्टर बोलत होत्या तेव्हा मला त्या साडीचा रंगसुद्धा आठवेना, आणि मी उगाचच स्पॅनर शोधू लागलो.

सिस्टरांची नजर एका लाल, चकचकीत मशीनवर होती. छोटी चाकं, मागं गवताची पिशवी. मी म्हटलं, ते विसरा. ते सोसायटीतलं. त्यानं आयुष्यात मऊ हिरवळच पाहिली आहे, तुमच्या माळावर ते पहिल्या दहा पावलांत जीव देईल. दगडाच्या जमिनीला मागची चाकं मोठी लागतात, खालचा पत्रा जाड लागतो, आणि पातं एकसंध नसावं. एका गोल तबकडीला दोन्ही बाजूंना झुलती पाती बोल्टनं लावलेली असतात, ती बघावी. दगड लागला की झुलतं पातं मागं दुमडतं आणि पुन्हा सरळ होतं. एकसंध पातं दुमडत नाही, मग धक्का सरळ इंजिनच्या दांड्याला बसतो आणि दांडा वाकतो. वाकला की मशीन अंगात आल्यासारखं थरथरतं.

कोपऱ्यात तसं एक होतं. कुण्या बंगल्यातून आलेलं, रंग उडालेला, दिसायला कुरूप. मी प्लगची वायर काढली (खाली हात घालायच्या आधी ती काढायचीच, मग तुम्ही कितीही शहाणे असा), मशीन आडवं केलं, पात्याची तबकडी हातानं फिरवली. टोकाशी बोट धरून दाखवलं की ती कुठंही डगमगत नाही. सिस्टरांनी चष्मा लावून खाली वाकून पाहिलं. मग सायलेन्सरला हात लावला. थंड. मग दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला चालू.

"नाडी बरी आहे," त्या म्हणाल्या. "देखभाल सांगा."

मी सांगत गेलो, त्या एका जाड वहीत लिहीत गेल्या. वरती लिहिलं, केसपेपर. पेशंट: मशीन. वय: माहीत नाही. आधीचे आजार: मेकॅनिक सांगत नाहीत. खाली माझं सगळं: प्रत्येक कापणीनंतर पत्र्याखालचा चिखल-गवत खरवडणे. एअर फिल्टर झटकणे. तेल रोज बघणे. पात्याला सुरीसारखी धार न लावणे, दगडावर पातळ धार उडते, जाडसरच ठेवणे. काम संपल्यावर टाकी रिकामी होईपर्यंत चालवून मगच झाकून ठेवणे. पहिली कापणी उंचावरून, चार बोटं वर. मी बोलायचा थांबलो की त्या पेन वर धरून थांबायच्या, "अजून काही लक्षणं?" असं विचारत.

आणि इथंच मी माती खाल्ली. म्हटलं, "मशीन घालायच्या आधी सगळा माळ चालून या. हलणारे दगड उचला. न हलणाऱ्यांना खूण करा, म्हणजे लांबूनच दिसतील."

"चुन्याची खूण?"

"परतीचा पाऊस धुऊन नेईल. थांबा."

शेडच्या मागं एक डबा पडला होता. मळणी यंत्र रंगवून उरलेला ऑइलपेंट. हिरव्या गवतात लांबून उठून दिसेल असा, झकास शेंदरी. मी तो सिस्टरांच्या गाडीत ठेवला, फुकट. वर म्हटलंसुद्धा, "आपली आठवण."

पाचव्या दिवशी फोन आला. "मिस्त्री, ताबडतोब या. पेशंटला हात लावू देत नाहीत."

मढला पोचलो तर माळाच्या कडेला चपलांचा ढीग. आत गवत बाजूला सारून पायवाट पडलेली. पायवाटेनं बाया ताटं घेऊन चाललेल्या. सिस्टरांनी आपल्या हातानं, नीट, कुठंही ओघळ न येऊ देता तेवीस दगड रंगवले होते. त्यांच्या रंगवण्यात दवाखान्याची शिस्त होती, त्यामुळं एकेक दगड असा दिसत होता की माझेच हात जोडले जाणार होते. प्रत्येकासमोर झेंडू. सगळ्यांत मोठ्या दगडासमोर नारळ. आणि बाभळीला घंटा. घंटा कुणी आणली ते आजवर कळलेलं नाही.

पहिला नमस्कार भिवाबांनी केला होता. भिवाबा म्हणजे त्या भागात मेंढ्या राखणारा म्हातारा, डोंगराची कळ न् कळ माहीत असलेला माणूस. मेंढ्या घेऊन पहाटे निघाला, गवतात तेवीस शेंदरी देव बसलेले दिसले, चपला काढल्या. बाकीचं गावानं केलं.

सिस्टर मधोमध उभ्या राहून ओरडत होत्या, "अहो, मी रंगवलेत ते! माझ्या हातानं! हा बघा साडीवर डाग!" एका म्हातारीनं पुढं होऊन त्या डागाला हात लावला आणि कपाळाला लावला.

मी डबा शोधून काढला. सगळ्यांसमोर उचलून धरला. म्हटलं, "मंडळी, हा रंग माझा आहे. मळणी यंत्राचा. वास घेऊन बघा."

भिवाबांनी खरंच वास घेतला. मग माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

"म्हंजी देवानं तुमच्याकडनं लावून घेतला. मिस्त्री, तुमी कवातरी लई पुण्य केलं असनार."

पाठीमागून कुणीतरी माझ्या पाया पडलं. मी डबा खाली ठेवला. थोड्या वेळानं डब्यालाही झेंडू वाहिलेला दिसला.

"ते राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "गवत कापू द्या. देवांना धक्का लावणार नाही."

"देवाच्या मधनं पेट्रोलचं मशीन?" एक बाई म्हणाली. "कोप व्हईल, सिस्टर."

नामदेवराव बांधावर मोटारसायकल लावून तिच्यावर बसले होते. त्यांना देवाधर्माचं फार नव्हतं, पण त्या दिवशी भक्ती अगदी उतू जात होती. "बरूबर हाय. देवाच्या जागेत मशीन न्हाय चालायचं." शनिवार तीन दिवसांवर आला होता. सिस्टरांचा चेहरा मी पाहिला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या रडारडीत न हललेल्या बाईचा ओठ हलत होता. मला फार वाईट वाटलं. माझ्या डब्यानं त्यांची जमीन जाणार होती.

मग भिवाबाच म्हणाले, "एवढं काय? कौल लावू. देव सांगंल."

कौल म्हणजे देवाला विचारणं. दगडाच्या माथ्यावर फूल ठेवायचं आणि वाट बघायची. भिवाबांनी नियम सांगितला: मागणाऱ्याच्या उजव्या हाताला पडलं तर हो, डाव्या हाताला पडलं तर नाही.

आता मी अठ्ठावीस वर्षं जमिनी बघितल्या आहेत. उताराच्या जमिनीवर मशीन आडवं चालवायचं, उभं चालवलं तर चालवणारा घसरतो, हे लोकांना शिकवण्यात माझा घसा गेलाय. त्यामुळं देवाचं काय मत आहे ते मला माहीत नव्हतं, पण जमीन कुठं उतरते ते दिसत होतं. सगळा माळ उत्तरेला ओढ्याकडं उतरत होता. थोरल्या दगडाचा माथाही तिकडंच कललेला, वर ऑइलपेंटचा गुळगुळीत हात. त्यावर फूल ठेवलं तर ते उत्तरेलाच घसरणार, दुसरीकडं जायची त्याची टाप नव्हती. प्रश्न एवढाच होता की मागणाऱ्याचा उजवा हात उत्तरेला कसा यावा.

सकाळची वेळ होती. मी पुढं झालो. "सिस्टर, ऊन डोळ्यांवर येतंय. अशा इकडून उभ्या राहा, पाठ उन्हाकडं करून." त्या मावळतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. उजवा हात ओढ्याकडं. फूल ठेवलं, हात जोडले, आणि वॉर्डात विचारावं तसं स्पष्ट विचारलं, "मशीन चालवू का?"

फूल जरा थरथरलं आणि घसरलं. उजवीकडं. घंटा वाजली, बाया हसल्या, नामदेवराव मोटारसायकलवरून उतरले. मी घाम पुसला. भिवाबा मेंढ्या हाकत माझ्या शेजारून गेले, जाताजाता म्हणाले, "उतार बेस हाय जमिनीला." मला वाटलं, चराईबद्दल बोलतायत.

सिस्टरांनी स्वतः मशीन चालवलं. चार बोटं वर, उताराला आडवं, प्रत्येक देवाला वळसा घालून. मी माझ्या धंद्यात इतकी जपून केलेली कापणी पाहिलेली नाही. नुसते दगड असते तर दोन-चार तरी ठोकले गेले असते, देव म्हटल्यावर एकालाही चाक लागलं नाही. लागली ती फक्त एक करवंटी. गवतात पडलेली, पात्याखाली आली, खाडकन आवाज झाला आणि बांधावरच्या मोटारसायकलचा पुढचा दिवा फुटला. झुलतं पातं मागं दुमडलं, पुन्हा सरळ झालं, मशीन चालूच. मी अभिमानानं आजूबाजूला पाहिलं, पण पात्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"देवानं हाणली," लांबून भिवाबा म्हणाले. नामदेवरावांनी मोटारसायकल ढकलत लांब नेऊन लावली.

शनिवारी बारा जण आले. तंबू लागले, पिठलं-भाकरी झाली. पैज सिस्टरांनी जिंकली. दसऱ्याला त्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि मला बोलावलं, वर्षाची पहिली तपासणी करायला. मी तबकडी फिरवून बघत होतो, तेवढ्यात नामदेवराव आले. बरोबर भावकीतले चार जण. हातात कागद.

"सुमन, पैज तू जितली. पर आता इथं देव हायेत. देव सगळ्या भावकीचं. एकटीच्या नावावर कसं ठेवायचं?" मग ते आवाज चढवून म्हणाले, "मी बी कौल लावतो. देव म्हनला जागा भावाची, तर सही कर. न्हाय म्हनला, तर हा कागद हितंच फाडतो."

सूर्य डोक्यावर आला होता, ऊन कुणाच्याच डोळ्यांवर येत नव्हतं. हा माणूस कुठल्याही बाजूनं उभा राहू शकत होता. आता मी काय म्हणून मधे पडणार? आणि खरं सांगून टाकलं तर सिस्टरांचाही कौल खोटा पडणार. हातातला स्पॅनर पायावर पडला तरी मला कळलं नाही. नामदेवराव थोरल्या दगडाकडं निघाले, आणि निघाले ते नेमके सिस्टर उभ्या होत्या त्याच बाजूला.

सिस्टरांनी त्यांचा दंड धरला. रागानं नाही, पेशंटला खाटेपर्यंत न्यावं तसा, हळू आणि घट्ट. दगडाला वळसा घालून पलीकडं नेलं.

"दादा, देवाचं काम आहे. उगवतीकडं तोंड करून उभा राहा."

भावकीतल्या चौघांनी माना डोलावल्या. नामदेवराव खूश झाले, टोपी नीट केली, उगवतीकडं तोंड करून उभे राहिले. डावा हात ओढ्याकडं. झेंडूचं मोठं फूल त्यांनी स्वतः निवडलं. ते ठेवताक्षणी गेलं. डावीकडं, थेट, दोन उड्या मारून ओढ्याच्या दिशेला.

त्यांनी कागद फाडला. फाडताना डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं होतं मला सांगता येत नाही. सिस्टर म्हणाल्या, "जेवून जा दादा," आणि ते जेवायला बसले. दोनदा पुरणपोळी घेतली. मी मात्र त्या दिवशी स्वतःशी म्हणत राहिलो की योगायोग झाला. भोळी बाई, उगवतीला तोंड म्हणाली, देवानं सांभाळलं.

नंतर दोन वर्षं भेटत राहिलो, कौलाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. यंदा मशीन वार्षिक दुरुस्तीला आलं. शेड बंद आहे, पण त्या पेशंटला नाही म्हणता येत नाही. हँडलला पिशवीत केसपेपर अडकवलेला होता. मी बसून चाळला. तेल बदलले. फिल्टर झटकला. पाते बदलले नाही, मेकॅनिक म्हणतात गरज नाही, विश्वास ठेवला. बहिणीकडं ह्या भाऊबीजेला जाताना साडी नेणार नाही, त्या जागी तिचा हिस्सा परत लिहून दिलेला एक कागद न्यायचा आहे, हे मी त्याच खुर्चीत ठरवलं. इथं छापून आलं म्हणजे आता न्यावाच लागेल.

मग दसऱ्याचं पान आलं. अक्षर सुवाच्य, दवाखान्यातलं.

"पेशंट स्थिर. जमिनीला उतार उत्तरेस, सकाळी तपासला, पुन्हा दुपारी तपासला. भिवाबांनीही खात्री दिली. नातेवाइकांना समजावून योग्य बाजूस उभे केले. जेवण दिले, घरी पाठवले. मेकॅनिकना दरदरून घाम, पायाला स्पॅनरची दुखापत. त्यांना काही कळलेले नाही. ताक दिले."